जुना फ्लॅट घ्यायचा, नीट करायचा, विकायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हीआरएसचे पैसे हातात आलेले, आयटीतली नवराबायको, वारशाने फ्लॅट मिळालेले, आणि स्वतःच्या घराचं काम करून घेतल्यावर ‘हे तर आपल्याला जमतं’ असं वाटू लागलेले. प्रश्न बहुतेक यांचेच असतात. उत्तरं पुणे, मुंबई, ठाणे या बाजूच्या सोसायट्यांमधल्या रीसेल फ्लॅटना धरून लिहिली आहेत. म्हाडा, पागडी, गावचं घर आणि गोवा शेवटाकडे आहेत. कराचे नियम २३ जुलै २०२४ नंतरचे आहेत. व्यवहाराआधी आपल्या सीएला विचारायचंच.

१. यात खरंच पैसे सुटतात का?

सुटतात, पण बहुतेकांच्या मनात असतात तेवढे नाहीत. समजा, पुण्यात ७० लाखांना जुना टू बीएचके घेतला, कामावर ९ लाख घातले आणि ९२ लाखांना विकला. कागदावर १३ लाख दिसतात. आता मधला खर्च मांडा. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी ३० हजार. वकील २५ हजार. घेताना दलाली एक टक्का, ७० हजार. सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नव्या नावावर करण्याची रक्कम) २५ हजार. ५० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी आठ महिने वापरलं तर व्याज ३ लाख. त्याच आठ महिन्यांचा मेंटेनन्स २८ हजार. विकताना पुन्हा एक टक्का दलाली, ९२ हजार. एकूण गुंतले ८९ लाख ६० हजार, राहिले २ लाख ४० हजार, आणि कर अजून भरायचाच आहे (प्रश्न १६).

गिऱ्हाईक मिळायला आणखी सहा महिने लागले तर नुसतं व्याजच सव्वादोन लाख होतं. हिशेब करताना विक्रीची किंमत आशेने नव्हे, त्याच सोसायटीत नुकत्या झालेल्या व्यवहारांच्या इंडेक्स टूवरून (नोंदवलेल्या व्यवहाराचा सरकारी सारांश) धरा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर ते बघायला मिळतात.

२. मग नफा येतो कुठून? चांगल्या इंटिरिअरमुळे भाव वाढत नाही का?

वाढतो, पण मर्यादेत. इंटिरिअर बघून गिऱ्हाईक लवकर हो म्हणतं. त्या इमारतीच्या चालू भावापेक्षा पाच-दहा टक्के वर मिळाले तरी खूप झालं. खरा नफा खरेदीच्या दिवशीच ठरतो. फ्लॅट बाजारभावापेक्षा स्वस्त मिळाला पाहिजे, आणि तो स्वस्त मिळण्याचं सगळ्यात चांगलं कारण म्हणजे सुटण्याजोगा कागदी गुंता. वारसांची नोंद झालेली नाही, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (सभासदत्वाचा दाखला) हरवलंय, १९८० च्या दशकातला करारनामा नोंदवलेलाच नाही, भाऊ पुण्यात आणि बहिणी नागपूर-इंदूरला. असे फ्लॅट वर्षानुवर्षं कुलूपबंद असतात. इतर गिऱ्हाइकं पळतात म्हणून मालक भावात खाली येतो. माझं मत विचाराल तर या धंद्यात टाइल्सच्या दुकानात घालवलेल्या एका दिवसापेक्षा वकिलाकडे घालवलेला एक दिवस जास्त कमावून देतो.

पण ‘सुटण्याजोगा’ हा शब्द विसरू नका. कोर्टात दावा चालू असेल तर फ्लॅट कितीही स्वस्त असला तरी नवख्याने लांबच राहावं.

३. फ्लॅट निवडताना काय बघायचं?

कार्पेट (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र), पार्किंग, लिफ्ट, पाणी, उजेड. या पाचांपैकी एकही गोष्ट नंतर पैसे टाकून बदलता येत नाही. जुन्या करारात क्षेत्र बहुधा बिल्टअप (भिंती धरून) लिहिलेलं असतं आणि आजचं गिऱ्हाईक कार्पेट विचारतं, तेव्हा टेप घेऊन स्वतः मोजा. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची शासनाची नमुना नियमावली) पाच वर्षांतून एकदा, त्यापेक्षा जुनी असेल तर तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. तो अहवाल सोसायटीकडे मागा. सोसायटी टाळाटाळ करू लागली तर तेच उत्तर समजा.

आणि जमल्यास फ्लॅट जुलै-ऑगस्टमध्ये बघा. मे महिन्यात पुट्टी मारून लपवलेली ओल चांगला पाऊस झाला की भिंतीवर येते. वरच्या मजल्याचा फ्लॅट असेल तर गच्चीवर जा. डांबराचे थर, निळी ताडपत्री, चायना चिप्सची (फुटक्या लाद्यांच्या तुकड्यांची) ठिगळं दिसली की खालच्या छताची कथा कळते.

४. कोणते कागद तपासायचे?

आधीच्या सगळ्या खरेद्यांची साखळी, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र, मिळकत कराची पावती, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का (कन्व्हेयन्स, किंवा बिल्डरने ते टाळल्यास सरकारकडून मिळणारं डीम्ड कन्व्हेयन्स), आणि वकिलाचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट. आधी कर्ज असेल तर बँकेचं बोजा उतरल्याचं पत्र.

यातलं भोगवटा प्रमाणपत्र सगळ्यात जास्त दुर्लक्षिलं जातं. ते नसलेल्या इमारतीत तुम्हाला रोखीने घर घेता येईल, पण तुमच्याकडून घेणाऱ्याला बँक कर्ज देताना अडेल. म्हणजे तुमची गिऱ्हाइकं निम्म्याहून कमी झाली. गुंठेवारीतल्या (परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटवरच्या) बांधकामांचंही तेच: नियमितीकरणाचा दाखला हातात असेल तरच पुढे जा, ‘फाइल टाकलीय’ एवढ्यावर नको.

५. मालक वारले आहेत, मुलगा नॉमिनी आहे. त्याने एकट्याने सही केली तर चालेल?

नाही. नॉमिनेशनमुळे सोसायटीला कोणाशी व्यवहार करायचा ते कळतं. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. मृत्युपत्र नसेल तर सगळे वारस विक्रीखतावर हवेत, किंवा त्यांनी मुलाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र केलेलं हवं. ‘बहिणींना काही नकोय, त्यांनी सांगितलंय’ हे वाक्य प्रत्येक वेळी ऐकू येतं. नको असेल तर सही द्यायला अडचण नसावी.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला आणि त्याची आई हयात असेल, तर तीही पहिल्या वर्गातली वारस असते. बायको आणि मुलांच्या सह्या घेतल्या जातात, गावी असलेली नव्वदीची आजी राहून जाते. वकिलाला हे स्वतःहून विचारा.

६. कर्ज काढून करावं का? बँक किती देते?

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के मिळू शकतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्यात सहसा धरत नाहीत, तो खिशातून जातो. जुन्या इमारतीचं उरलेलं आयुष्य बघून बँक मुदत कमी करते, हेही लक्षात घ्या.

फ्लोटिंग दराचं वैयक्तिक गृहकर्ज लवकर फेडल्यास दंड लागत नाही, त्यामुळे विकल्याबरोबर बंद करता येतं. कामाचा खर्च मात्र क्रेडिट कार्डावर किंवा पर्सनल लोनवर काढू नका. त्या व्याजाने प्रश्न १ मधला उरलेला नफा दिवाळीपर्यंतही टिकणार नाही.

७. बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क कमी लागतं ना?

हो. निवासी घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात एक टक्का सवलत आहे. पुण्या-ठाण्यात ७ ऐवजी ६, मुंबईत ६ ऐवजी ५. नवराबायको दोघांच्या नावे घेतलं तर सवलत नाही. पूर्वी अशी अट होती की १५ वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. ती २०२३ मध्ये काढली, त्यामुळे आता पुनर्विक्रीला अडसर नाही. फक्त पैसे तुमचे आणि नाव तिचं असं असेल तर उत्पन्न कराच्या वेळी तुमच्याकडे वळू शकतं. हे सीएशी आधीच बोला.

८. खरेदीखत न करता फक्त साठेखत (विकण्याचा करार) आणि कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने सही करायचा अधिकार) घेऊन थेट पुढच्या गिऱ्हाइकाच्या नावे केलं तर? एकदाचं मुद्रांक शुल्क वाचेल.

हा सल्ला देणारे दलाल ढीगभर भेटतील. साठेखताबरोबर ताबा घेतलात की महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात ते खरेदीखतच समजलं जातं आणि पूर्ण शुल्क लागतं. मोबदला घेऊन दिलेल्या, विक्रीचा अधिकार देणाऱ्या कुलमुखत्यारपत्रालाही तसंच. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय की अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही. त्यात मधल्या काळात मालक वारला तर तुम्ही नऊ लाखांचं काम दुसऱ्याच्या वारसांच्या घरात केलेलं असतं.

कोणी म्हणेल, बिल्डरकडून घेऊन विकणाऱ्या गुंतवणूकदाराला आधीच्या शुल्काची वजावट मिळते. मिळते, आणि तिची मुदत २०२२ मध्ये एका वर्षाची तीन वर्षं झाली. पण ती बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटसाठी आहे, जुन्या रीसेलसाठी नाही.

सरळ मार्ग एकच: मालक मालकच राहतो, तुम्ही दुरुस्तीचा खर्च करता आणि ठरलेल्या किमतीच्या वर जे येईल त्यात वाटा घेता. करार लेखी, वकिलाने केलेला आणि नोंदवलेला हवा. सोसायटीत वर्षानुवर्षं बंद पडलेल्या फ्लॅटचे म्हातारे मालक याला बरेचदा तयार होतात, कारण त्यांना धावपळ नको असते.

९. सोसायटी ट्रान्सफरला लाखभर मागतेय. द्यावे लागतील?

नाही. ९ ऑगस्ट २००१ च्या शासकीय परिपत्रकानुसार महापालिका क्षेत्रात ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार. त्याशिवाय ५०० रुपये हस्तांतरण शुल्क आणि १०० रुपये प्रवेश फी. ‘स्वेच्छेने देणगी’ म्हणून मागितले जाणारे पैसे बहुतेक वेळा स्वेच्छेचे नसतात. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतरासाठी सोसायटीच्या ना-हरकतीचीही गरज नाही. मागतात त्या बँका.

तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. सहकार कायद्याच्या कलम २९ मध्ये भाग किमान एक वर्ष धारण केल्याशिवाय हस्तांतर करू नये, असं आहे. सहा महिन्यांत विकायला गेलात की एखादा जाणकार सेक्रेटरी त्यावर बोट ठेवतो. म्हणून घेतानाच कमिटीशी बोलून घ्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडून इसार घेण्यापूर्वी त्यांचं म्हणणं लेखी मिळवा.

काम चालू असताना फ्लॅट रिकामा आहे म्हणून नॉन-ऑक्युपन्सी लावली तर हरकत घ्या. तो आकार भाड्याने दिलेल्या फ्लॅटसाठी आहे आणि त्यालाही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे.

१०. भिंती पाडून हॉल-किचन एक केलं तर चालतं का? कोणाची परवानगी लागते?

आरसीसी फ्रेमच्या इमारतीत कॉलम-बीम सोडून मधली साडेचार इंची विटांची भिंत बहुधा काढता येते. लोडबेअरिंग इमारतीत मुळीच नाही, तिथे भिंतच स्लॅब पेलते. जुन्या पुण्यातल्या आणि दादर-गिरगावातल्या कित्येक तीन मजली इमारती लोडबेअरिंग आहेत. कळायचं कसं? बाहेरच्या भिंती १४ इंची आणि कुठे कॉलम दिसत नाही, तर शंका घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र घ्या. मिस्त्रीचं ‘काय नाय होत साहेब’ हे पत्र नव्हे.

कुठल्याही बदलाला सोसायटीच्या कमिटीची लेखी परवानगी लागते. रचनेत किंवा क्षेत्रात फरक पडत असेल तर महापालिकेचीही. बाल्कनी आत घेणं, फ्लॉवरबेडवर लादी टाकून खोली वाढवणं, डक्टमध्ये घुसणं या गोष्टी विकताना मंजूर नकाशाशी जुळत नाहीत आणि बँकेचा व्हॅल्युअर नेमकं तेच लिहितो. संडास-बाथरूम हलवून खालच्याच्या स्वयंपाकघरावर आणू नका. भांडण तर होईलच, शिवाय पुढचं गिऱ्हाईक नकाशा हातात घेऊन विचारेल.

कामाच्या वेळा, रविवारची बंदी, लिफ्टमधून सिमेंटच्या गोण्या न्यायच्या की नाही, राडारोडा कुठे ठेवायचा आणि अनामत किती, हे सोसायटीगणिक वेगळं असतं. पहिल्याच दिवशी लेखी घ्या. राडारोडा नदीकाठी किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकणारा टेम्पो स्वस्त पडतो, पण पकडला तर दंड तुमच्या नावाने येतो.

११. पैसे कशावर घालावेत आणि कशावर नाही?

स्वयंपाकघर, दोन्ही बाथरूम, खिडक्या, वायरिंग, रंग. बस. उरलेलं गिऱ्हाईक स्वतःच्या आवडीने करतं.

फॉल्स सीलिंग, टीव्ही युनिट, वॉलपेपर, झगमगीत झुंबर यांचा पैसा परत येत नाही. तीन खोल्यांत फिक्स वॉर्डरोब करू नका, एकात पुरे. ओट्याला काळा ग्रॅनाइट, खाली ट्रॉल्या, सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० चं मरीन प्लाय. बाकी ठिकाणी आयएस ३०३ चालतं. जुनी मोझॅक फरशी शाबूत असेल तर पॉलिश करून बघा. ती उखडून व्हिट्रिफाइड टाकायचा खर्च, राडारोडा आणि शेजाऱ्यांची नाराजी हे सगळं वाचतं, आणि हल्ली तरुण गिऱ्हाइकांना ती आवडतेही. उखडायचीच असेल तर दारांच्या खालच्या फटी आधी मोजा. लादीवर लादी बसवली की दारं घासायला लागतात.

देवघराची जागा सोडा. मराठी, गुजराती, मारवाडी, दाक्षिणात्य, कोणीही गिऱ्हाईक आलं तरी हा प्रश्न येतो.

१२. बाथरूम फोडावंच लागतं का? वरून केमिकल मारून भागणार नाही?

वीस वर्षांहून जुनं असेल तर फोडा. जुन्या बाथरूमखाली खोलगट स्लॅबमध्ये विटांच्या तुकड्यांचं भरण असतं. वरची लादी कोरडी दिसते. ब्रेकर लावून चार इंच खाली गेलात की काळपट, ओला गाळ निघतो आणि त्याला वास येतो. नहाणी ट्रॅपचा (पाणी जायच्या जाळीखालच्या भागाचा) सांधा सुटलेला असतो आणि पाणी कित्येक वर्षं भरणात मुरत असतं. वरून मारलेलं केमिकल याला काय करणार?

सगळं भरण काढा. जीआय (लोखंडी) पाइप काढून गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी (उष्णता सोसणारे प्लास्टिकचे पाइप) टाका. स्लॅबला आणि भिंतीला फूटभर उंचीपर्यंत कोटिंगचे थर, कोपऱ्यात गोलाई, मग पाणी भरून चाचणी. ट्रॅप बंद करून चारेक इंच पाणी भरा, पातळीवर पेन्सिलने रेघ मारा आणि निदान ४८ तास सोडा. या काळात खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन छताचे फोटो घ्या, तारखेसह. खालच्या काकूंनी चहा दिला तर प्या. विक्रीच्या वेळी गिऱ्हाईक त्यांच्याकडेच चौकशीला जाणार आहे. भरण टाकल्यावर पुन्हा एकदा चाचणी, आणि मगच लादी. ठेकेदार दुसरी चाचणी टाळायला बघतो, कारण त्याची माणसं दोन दिवस बसून राहतात. टाळू देऊ नका.

१३. वायरिंग पूर्ण बदलावी का?

ॲल्युमिनियमची असेल तर हो, बिनशर्त. दिव्यांना १.५, पॉवर पॉइंटला २.५, एसी आणि गिझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. एमसीबीबरोबर ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी (शॉक बसताच वीज तोडणारं). अर्थिंग तपासून घ्या. दोन-तीन एसी चालतील एवढा मंजूर भार वीज बिलावर नसेल तर वाढवून घ्या.

१४. ठेकेदाराला मटेरियलसह काम द्यावं की लेबर रेटने?

पहिल्यांदा करत असाल आणि नोकरी चालू असेल तर मटेरियलसह, पण ब्रँड, जाडी, ग्रेड हे सगळं कोटेशनमध्ये लिहून. लेबर रेटने स्वस्त पडतं खरं. पण मग दुपारी दोनला प्लंबरला एल्बो कमी पडला की धावायचं तुम्ही.

पैसे कामाच्या टप्प्याला बांधा: तोडफोड, प्लंबिंग-वायरिंग, वॉटरप्रूफिंगची चाचणी, लादी, सुतारकाम, रंग. शेवटचे दहा टक्के सगळं झाल्यावरच. उन्हाळ्यात काम काढलं तर लग्नसराई आणि गावची जत्रा यांसाठी मजूर जातातच, वेळापत्रकात ते धरा. सगळी बिलं जीएसटीसह जपा. प्रश्न १६ मध्ये ती लागतात.

१५. विकायला कधी काढावं?

गणपती झाल्यावर घाई करू नका. पितृपक्षात बरेच जण इसार देत नाहीत. दसरा, दिवाळी, पाडवा, अक्षय्य तृतीया यांच्या आधी तीन-चार आठवडे घर दाखवायला तयार असावं. सकाळच्या उन्हात फोटो काढा आणि रंगाचा वास जाऊ द्या. इसार पावतीत पुढच्या टप्प्यांच्या तारखा आणि व्यवहार मोडल्यास काय, हे लिहा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं प्राप्तिकर कायद्याने निषिद्ध आहे, इसारसुद्धा.

१६. नफ्यावर कर किती? भांडवली नफा की धंद्याचं उत्पन्न?

घर २४ महिन्यांहून जास्त ठेवून विकलं तर दीर्घ मुदतीचा भांडवली नफा, १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईची वजावट) नाही. त्याआधी विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर. कामाचा खर्च वजा मिळतो, पण बिलं आणि बँकेतून दिलेली रक्कम दाखवता आली तर. मेंटेनन्स त्यात येत नाही, म्हणून करपात्र नफा तुमच्या वहीतल्या नफ्यापेक्षा जास्त निघू शकतो.

एकामागून एक घेऊन विकत राहिलात तर प्राप्तिकर खातं त्याला धंदा म्हणू शकतं. किती व्यवहार झाले हे एकच निकष नाही. घेतानाचा हेतू बघतात, आणि एकच व्यवहारही धंद्याच्या स्वरूपाचा ठरू शकतो. लोक याला घाबरतात, पण दोन वर्षांच्या आत विकणाऱ्याला दर दोन्हीकडे स्लॅबचाच आहे. उलट धंद्यात व्याज, मेंटेनन्स, जाहिरात असे खर्च सरळ वजा होतात. तोटा आहे तो हिशेबाच्या वह्या ठेवण्याचा आणि प्रश्न १८ मधल्या सवलती जाण्याचा. काय दाखवायचं ते पहिल्या घराच्या वेळीच ठरवा. दरवर्षी सोयीप्रमाणे बदललं की नोटीस येते.

आणि तुम्ही घेणारे असाल व किंमत ५० लाख किंवा जास्त असेल, तर विकणाऱ्याचा एक टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा आहे. विकणारा अनिवासी असेल तर हा एक टक्का लागू नाही. बऱ्याच वरच्या दराने कापावा लागतो किंवा त्याने कमी कपातीचा दाखला आणावा लागतो.

१७. रेडीरेकनरपेक्षा (सरकारी दरपत्रकापेक्षा) स्वस्त मिळाला तर फायदाच ना?

दहा टक्क्यांपर्यंत ठीक. मुद्रांक शुल्क रेडीरेकनर आणि करारातली किंमत यांपैकी जास्त असेल त्यावर लागतंच. फरक दहा टक्क्यांच्या वर गेला तर तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर कर लागतो. विकणाऱ्यालाही रेकनरची किंमत मिळाली असं धरतात. प्रश्न २ मध्ये सांगितलेला गुंत्यातला फ्लॅट खूप स्वस्तात सुटला की नेमका इथे अडकायला होतं. भाव ठरवण्यापूर्वी त्या सर्व्हे नंबरचा दर काढा.

१८. विकलेल्या नफ्यातून दुसरा जुना फ्लॅट घेतला तर कर वाचेल?

नफा दीर्घ मुदतीचा असेल तर वाचू शकतो. पण सवलत घेऊन घेतलेला तो दुसरा फ्लॅट तीन वर्षांच्या आत विकला तर सवलत परत जाते. म्हणजे घ्या-विका करणाऱ्याला हिचा उपयोग फारसा नाही. तसंच जुन्या कररचनेत गृहकर्जाच्या मुद्दलावर वजावट घेतली असेल आणि घर पाच वर्षांच्या आत विकलं, तर ती वजावट त्या वर्षीच्या उत्पन्नात परत धरतात.

१९. जीएसटी, महारेरा (बांधकाम प्रकल्पांचं राज्य नियामक प्राधिकरण)?

पूर्ण झालेल्या, राहता असलेल्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीवर जीएसटी नाही. त्यामुळे मटेरियलवर भरलेला जीएसटी परतही मिळत नाही, तो खर्चातच धरा. एकेक फ्लॅट दुरुस्त करून विकायला महारेरा नोंदणी लागत नाही. जुना बंगला पाडून फ्लॅट बांधून विकायचे असतील तर प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील तोवर नोंदणीतून सूट आहे. पण तो हौशी माणसाचा उद्योग नव्हे.

२०. इमारत पुनर्विकासात जाणार म्हणतात. घ्यावा का?

घ्या, पण मग एक रुपयाही दुरुस्तीवर घालू नका. घेणारा नव्या कार्पेटचे पैसे देईल, तुमच्या ट्रॉल्यांचे नाही. सभेत ५१ टक्के सभासदांचा ठराव झालाय का, विकासकाशी करारनामा नोंदवलाय का ते बघा. ‘बोलणी चालू आहेत’ या अवस्थेत सोसायट्या दहा-दहा वर्षं काढतात.

२१. म्हाडा, सिडको, पागडीची घरं?

म्हाडाच्या सोडतीतलं घर मूळ लाभार्थ्याला पाच वर्षं विकता येत नाही. त्यानंतर म्हाडाची परवानगी आणि शुल्क. सिडकोची जमीन बहुतेक ठिकाणी भाडेपट्ट्याची आहे, तिथे प्रत्येक हस्तांतराला सिडकोचं शुल्क, म्हणजे तुम्हाला दोनदा. जमीन भोगवटादार वर्ग-२ (सरकारी अटींवर दिलेली) असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी. पागडीत तुम्ही मालक नसता, भाडेकरू असता. घरमालकाची संमती लागते आणि रकमेतला साधारण तिसरा हिस्सा त्याला देण्याचा प्रघात आहे. बँका सहसा कर्ज देत नाहीत. पहिल्या व्यवहारासाठी यातलं काहीच नको.

२२. कोकणातलं किंवा गोव्यातलं जुनं घर नीट करून विकलं तर?

घर देखणं, कागद अवघड. कोकणात सातबाऱ्यावर सामाईक नावांची रांग असते, त्यातले निम्मे मुंबईत आणि काही हयात नसलेले. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. घराभोवतीची बाग शेतजमीन असेल तर ती शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही, म्हणजे तुमचं मुंबईकर गिऱ्हाईक तिथेच संपलं. गावठाणातलं घर असेल तर सोपं.

गोव्यात पोर्तुगीज काळातून आलेल्या नागरी कायद्यामुळे नवराबायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक असते. नाव एकाचं असलं तरी दोघांच्या सह्या लागतात. वारसांच्या वाटण्या इन्व्हेंटरीतून (गोव्यातली वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) झाल्या आहेत का ते बघा, आणि आवारात मुंडकार (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा) राहतो का तेही. १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. पणजीच्या फोंतेन्हाससारख्या जतन क्षेत्रात दर्शनी भागाला हात लावण्यापूर्वी परवानगी लागते. चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट थापू नका, आतली ओल बाहेर पडत नाही आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे निघतात.

२३. मी सरकारी नोकरीत आहे / मी अमेरिकेत असतो. मला करता येईल?

राज्य शासनाच्या वर्तणूक नियमांत स्थावर मालमत्तेचे व्यवहार कार्यालयाला कळवावे लागतात आणि परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. स्वतःचं एक घर विकणं वेगळं, वर्षाला एक विकत राहणं वेगळं. कुटुंबीयांच्या नावे केलं म्हणून प्रश्न सुटत नाही.

अनिवासी भारतीयांना घर घेता-विकता येतं, शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. पण नफ्यासाठी जमीन-घरांची खरेदी-विक्री हाच उद्योग करणं फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमांत बसत नाही. पुण्यातल्या भावाला मुखत्यार करून दर वर्षी दोन फ्लॅट फिरवायचा बेत असेल तर आधी फेमा जाणणाऱ्या सीएला भेटा.

२४. विकल्यानंतर गळती निघाली तर माझ्यावर येईल का?

बिल्डरला लागू असणारी पाच वर्षांची दोषदायित्वाची तरतूद तुम्हाला लागू नाही. पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, तुम्हाला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. वरच्या फ्लॅटची गळती पीओपीने झाकून विकलीत तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. काय दुरुस्त केलं, काय केलेलं नाही, हे करारनाम्याच्या परिशिष्टात लिहा, बाथरूमच्या चाचणीचे फोटो जोडा (प्रश्न १२) आणि वॉटरप्रूफिंगवाल्याची हमी नव्या मालकाच्या नावे करून द्या. हमीपत्रावर फ्लॅट क्रमांक, कामाची तारीख आणि नेमकी कुठली बाथरूम हे लिहिलेलं आहे ना, ते किल्ल्या देण्याआधी बघून घ्या.